चर्यांचं मंगल कार्यालय आणि भिंतीवर लावलेली परवानगी

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न यंदा वैशाखात झालं. मामा म्हणून कार्यालय पाहायचं काम माझ्याकडे होतं. चांदूर बाजारहून अचलपूरकडे निघालं की संत्र्याचे बगीचे लागतात, त्या पट्ट्यात उजव्या हाताला हे नवं मंगल कार्यालय आहे. दोन अंगाला दोन गोल बुरूज, मधे कमानीचा उंच दरवाजा, आणि गच्चीला चहूबाजूंनी चर्या, म्हणजे किल्ल्याच्या तटावर असतात तसे कठड्याचे दाते. नाव विचारत बसू नका, 'बुरूजवालं कार्यालय' म्हटलं की पानठेल्यावरचा पोरगाही रस्ता दाखवतो.

बहिणीकडच्यांचं मत पडेना. एवढा थाट केलाय म्हणजे भाडं अव्वाच्या सव्वा असणार, असं भाऊजींना वाटलं. मी मात्र आतल्या ऑफिसात पाच मिनिटं बसलो आणि तिथंच बयाणा देऊन आलो. त्याचं कारण सांगितल्याशिवाय या कार्यालयाबद्दल मला लिहिताच येणार नाही.

मालकाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर साधारणपणे देवाचे फोटो असतात. इथे देव बाजूच्या कोनाड्यात आहेत आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत चार कागद आहेत: ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, जमिनीचा अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि आग विझवण्याच्या व्यवस्थेचा दाखला. मी अठ्ठावीस वर्षं तहसिलीच्या अभिलेख कक्षात काढली. कागद दिसला की आधी शिक्का पाहतो, मग जावक क्रमांक, मग तारीख. चारही कागद चोख. नकाशात दोन्ही बुरूज होते, आणि गच्चीच्या कठड्यावर चर्यांची दातेरी रेघ चक्क मोजमापासकट काढलेली होती.

मी विचारलं, "नकाशात चर्या कशाला दाखवल्या?"

मालक म्हणाले, "काकाजी, तीन साल चकरा मारल्या जी या कागदांसाठी. मंग म्हटलं, जे बांधाचं थे सारंच लिहून घ्याव. उद्या कोणी म्हणाले नाही पायजे का याले इचारलं कोनं होतं."

हे ऐकलं आणि मला एकदम इंग्लंडातला सातशे वर्षांपूर्वीचा लोकरीचा व्यापारी लॉरेन्स आठवला.

सात-आठ वर्षांपूर्वी मी आणि आमची ही मुलाकडे बर्मिंगहॅमला चार महिने राहिलो होतो. एका रविवारी मुलानं गाडीनं श्रॉपशरमधल्या स्टोकसे नावाच्या जागी नेलं. नावाला 'कॅसल', पण पाहिलं तर एक मोठा वाडाच. दक्षिणेला दगडी बुरूज, त्यावर चर्या, आणि बुरुजाला लागून लांबलचक दिवाणखाना. त्या दिवाणखान्याच्या खिडक्या पाहून मी थबकलो. उंच, रुंद, उजेड आत घेणाऱ्या खिडक्या. वेढा पडायची भीती ज्याला आहे तो माणूस अशा खिडक्या ठेवत नाही. आमच्याकडच्या गाविलगड किल्ल्याच्या तटात अशी एक खिडकी कुणी दाखवावी.

हा वाडा बांधणारा लॉरेन्स ऑफ लडलो ना सरदार होता ना राजाच्या नात्यातला. तो लोकरीचा व्यापारी होता, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. खेडोपाडीची लोकर गोळा करायची आणि जहाजात भरून समुद्रापार विकायची, हा त्याचा धंदा. १२८१ च्या सुमारास त्यानं ही जागा घेतली. १२९१ मध्ये पहिल्या एडवर्ड राजानं त्याला परवानगी दिली, की तू आपलं घर चुन्या-दगडाच्या भिंतीनं मजबूत कर आणि त्यावर चर्या बसव. तीन वर्षांनी, १२९४ मध्ये, लोकरीनं भरलेल्या जहाजासोबत तो समुद्रात बुडाला. वाडा मात्र सातशे वर्षं जवळजवळ तसाच उभा आहे. आमच्या कार्यालयाचे मालकही बगीचेवाले: लोकांच्या संत्र्याचा आंबिया आणि मृग बहार झाडावरच विकत घेतात आणि ट्रक भरून बाहेर पाठवतात. संत्र्याच्या पैशाला बुरूज बांधावासा वाटतो, तसा लोकरीच्या पैशालाही वाटला होता.

घरी परतल्यावर त्या परवानगीनं माझ्या मनाचा ताबाच घेतला. मुलाकडून कागदपत्रांचे फोटो आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं मागवून घेतली आणि कितीतरी रात्री ती वाचत बसलो. इंग्लंडच्या राजानं दिलेल्या या परवानगीला मी आपल्या भाषेत 'चर्यांची सनद' म्हणतो. १२०० सालानंतरच्या साडेतीनशेच्या वर वर्षांत अशा पाचशेच्या आसपास सनदा निघाल्या. त्या घेणाऱ्यांत उमराव होते, बिशप होते, मठ होते, शहरं होती, स्त्रियाही होत्या. मूळ सनद मेणाची राजमुद्रा लटकवून ज्याची त्याला जायची, आणि दफ्तरातले कारकून तिची नक्कल मेंढीच्या कातड्यावर उतरवून ठेवायचे. एका कातड्याला दुसरं शिवायचं, दुसऱ्याला तिसरं, आणि वर्षाचं वर्ष गुंडाळून ठेवायचं. ती भेंडोळी आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्या कारकुनांनी ती लिहिली त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, पण लॉरेन्सची सनद आपल्याला त्यांच्यामुळेच कळते. हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्याही दफ्तरात लाल बासनात बांधलेले असे कितीतरी कागद मी झटकून, ऊन दाखवून ठेवले आहेत.

सनदेची भाषा तर आपल्याकडच्या जुन्या सनदांची सख्खी बहीण वाटावी. सुरुवातीला राजाच्या सगळ्या कामगारांना आणि इमानी प्रजेला सलाम. मग, आम्ही आपल्या खास मेहेरबानीनं अमक्याला परवानगी दिली आहे, की त्यानं अमक्या गावचं आपलं राहतं घर चुन्या-दगडाच्या भिंतीनं मजबूत करावं, त्याला चर्या काढाव्यात, आणि ते त्यानं आणि त्याच्या वारसांनी निरंतर भोगावं. आमच्या वारसांनी, न्यायाधीशांनी, शेरीफांनी, कुणाही कामगारानं त्यात अडथळा करू नये. आपल्याकडे 'लेकराचे लेकरी' आणि 'मुजाहीम न होणे' असं लिहीत, तेच हे. आणि हे पत्र बंद नसायचं. राजाची काही पत्रं घडी घालून मोहोरबंद जात, ही मात्र उघडी. ज्याला दाखवायची त्याला दाखवा, वाचा, वाचून घ्या. परवानगी हा चारचौघांत मिरवायचा कागद होता.

यावरून तिकडच्या अभ्यासकांत मोठा वाद झाला आहे. जुन्यांचं म्हणणं होतं की या सनदा म्हणजे राजाची बंदोबस्ताची युक्ती, कुणी परस्पर किल्ला बांधून डोईजड होऊ नये म्हणून. चार्ल्स कूलसन यांनी सनदा एकेक तपासून सांगितलं की मागणाऱ्याला नकार मिळाल्याची उदाहरणं शोधूनही फारशी सापडत नाहीत, आणि सनद न घेताही अनेकांनी चर्या काढल्या. मग सनद घ्यायची कशाला? मानासाठी. राजानं आपल्याला ओळखलं, आपलं नाव दफ्तरात चढलं, हे गावाला दिसावं म्हणून. मला कूलसन यांचंच पटतं, आणि त्याचं कारण स्टोकसेच्या त्या खिडक्या आहेत.

पण जुन्यांच्या म्हणण्यालाही आधार आहे. बाराव्या शतकात स्टीफन राजाच्या वेळी इंग्लंडात बेबंदशाही माजली, ज्याला जमलं त्यानं गढी उभारली, आणि पुढे दुसऱ्या हेन्रीनं अशा कितीतरी पाडून टाकल्या. आपल्याला हे परकं वाटायला नको. सभासदाच्या बखरीत आहे, की वतनदार वाडे-हुडे-कोट बांधून, प्यादे आणि बंदुका बाळगून बळावले होते. शिवाजी महाराजांनी ते बळकट वाडे पाडले आणि वतनदारांना बुरुजांचे वाडे न बांधता साधं घर बांधून राहायला सांगितलं. दोन्हीकडे बुरूज म्हणजे काय हे राज्यकर्त्याला पक्कं ठाऊक होतं. महाराजांनी रयतेसाठी बुरूज नाकारला, इंग्लंडच्या राजांनी पुढे तोच बुरूज कागद देऊन आपल्या मेहेरबानीत घेतला. माझ्या आजोळच्या देशमुखाच्या गढीची पांढरी माती लोकांनी घरांच्या धाब्यावर टाकायला नेऊन नेऊन आता नुसता उंचवटा उरला आहे. तिला कुणाची परवानगी होती का, हे सांगणारा कागद मला कुठेच मिळाला नाही. मिळाला असता तर मी तो कापडावर चिकटवून जपला असता.

आता कार्यालयाचं.

हॉल मोठा आहे, छत उंच आहे, पंच्याऐंशी फूट लांब. वैशाखातल्या उन्हात सहाशे माणूस बसलं तरी कोंदट झालं नाही, कारण भिंतीत जागोजाग जाळ्या सोडल्या आहेत आणि आठ मोठे कुलर आहेत. कुलरमध्ये पाणी भरायला वेगळा माणूस ठेवतात, तो दर तासाला येतो. आम्हाला एकदाही हाक मारावी लागली नाही. बुरूज नुसते शोभेचे नाहीत, ही मला फार आवडलेली गोष्ट. डाव्या बुरुजात जिना आहे, आणि बंदूक रोखायला तटात जंग्या ठेवतात तशा अरुंद फटींतून जिन्यात वारा आणि उजेड येतो. उजव्या बुरुजात वर पाण्याची टाकी लपवली आहे. बोअरला पाणी भरपूर आहे. मुलीकडच्या खोल्या चार, जानोशाला तीन. जानोशाच्या तीनपैकी एका खोलीतला कुलर बंद होता आणि दुपारी साडेबाराला तो दुरुस्त झाला, तोवर नवऱ्या मुलाच्या आजीला आम्ही आमच्या खोलीत आणून बसवलं. वरपक्षाची म्हातारी माणसं असतात तिथे हे व्हायला नको होतं.

आचारी त्यांचाच घ्यावा लागतो. मला आधी हे खटकलं, पण जेवण उत्तम झालं. आलू-वांग्याच्या भाजीला वऱ्हाडी मसाल्याची चव, तेलाचा तवंग बेताचा. वरण घट्ट, वरून तूप. बुंदी ताजी आणि मोकळी. मठ्ठ्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, बारीक चिरलेला. आदल्या दिवशी सीमांतपूजनाला रोडगे केले होते. अंगणात गोवऱ्यांचा आर पेटवून, राखेतून काढून, फडक्यानं झटकून, गरम तुपात बुडवून वाढले. माझ्या ऐंशी वर्षांच्या मावशीनं दोन खाल्ले. स्वयंपाकाची जागा हॉलपासून लांब आहे, धूर आत येत नाही, आणि मोठमोठी गंज-पातेली धुवायला वेगळा ओटा आहे.

भाडं दीड दिवसाचं साठ हजार, आचाऱ्याचं ताटावर वेगळं. ते आधीच बोललेलं होतं. जनरेटरच्या डिझेलचे पैसे मात्र शेवटी सांगितले. वीज तीन तास गेली होती, डिझेल जळलं हे खरं, पण बयाण्याच्या पावतीवर ही ओळ हवी होती. भिंतीवर एवढे कागद लावणाऱ्या माणसानं पावतीत ही कसर ठेवू नये, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि अर्धे पैसे कमी केले.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती चर्यांचीच आहे.

खऱ्या तटावर फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, माणूस फिरतो. चर्या त्याला डोक्यापर्यंत आड करते, आणि दोन चर्यांमधली खाच कमरेएवढ्या उंचीवर असते, की वाकून बाहेर बघता यावं, मारा करता यावा. स्टोकसेच्या बुरुजावर मी स्वतः खाचेपाशी उभा राहून पाहिलं होतं. दगड माझ्या बेंबीपर्यंत आला. इथे कार्यालयाच्या गच्चीवर खालची भिंत जेमतेम गुडघ्याएवढी आहे, आणि खाच दोन फूट रुंद. खालून पाहायला फार सुंदर दिसतं. लग्न लागल्यावर पोरं गच्चीवर पळाली. मी सातपुडा बघायला वर गेलो होतो. उत्तरेकडे धुरकट निळी रेघ दिसते, तिकडेच गाविलगड आहे, जो १८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला. तेवढ्यात पाहतो तर पुतण्याचा चार वर्षांचा मुलगा खाचेत चढून बसलेला, दोन्ही पाय बाहेर. मी आवाज दिला नाही. दचकला असता. मागून जाऊन दोन्ही हातांनी त्याच्या कमरेला विळखा घातला आणि मग खाली बसलो. माझे हात नंतर पंधरा मिनिटं थरथरत होते.

मालकांना वर बोलावलं. ते धावत आले. जागेवरच मांडवाचे बांबू आणून खाचांपुढे आडवे बांधायला लावले. "काकाजी, नकाश्यात उंची लिवलीच नव्हती जी या खाचेची," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. नकाशा पुन्हा पाहिला तेव्हा कळलं, चर्येची उंची लिहिली आहे, खाचेखालच्या भिंतीची नाही. मंजूर करणाऱ्यानंही ते पाहिलं नाही. दाखला खरा होता आणि तरी पोर पडलं असतं.

संध्याकाळी पाठवणी झाल्यावर आम्ही दोघं ऑफिसात चहा घेत बसलो. मी त्यांना केंट परगण्यातल्या कूलिंगची गोष्ट सांगितली. थेम्स नदीच्या मुखाजवळ जॉन द कोबम यानं १३८१ मध्ये चर्यांची सनद मिळवली. फ्रेंच जहाजं किनाऱ्यावर जाळपोळ करत होती, आणि त्याच वर्षी इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंडही झालं होतं. कोबमनं दरवाजाच्या बुरुजावर तांब्याचा पत्रा लावला, आणि तो सनदेसारखाच घडवला, खाली मुद्रा लटकते आहे असा. त्यावर लॅटिन नाही, लोकांच्या रोजच्या इंग्रजीत चार ओळी. अर्थ असा, की जे आज आहेत आणि जे पुढे होतील त्या सर्वांनी जाणावं, मला या मुलखाच्या मदतीसाठी बांधलं आहे. याची ही सनद आणि ही साक्ष. साडेसहाशे वर्षांपूर्वीचा तो पत्रा आजही तिथे आहे.

मालक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे लोकायले कळे असं लिवलं त्यानं."

"हो. वाचता येईल असं, दारावर."

मग त्यांनी विचारलं, बिनापरवानगी बांधणाऱ्याचं तिकडे काय होई? मी सर थॉमस हंगरफर्डचं सांगितलं. सॉमरसेटमध्ये फार्ली इथे त्यानं आधी चर्या बांधल्या, आणि मग १३८३ मध्ये राजाकडून माफीचा कागद घेतला. हा माणूस पार्लमेंटचा सभापती राहिलेला, तरी कागद घ्यावा लागला. आणि ससेक्समधल्या बोडियमचं सांगितलं, जिथे १३८५ च्या सनदेवर सर एडवर्ड डॅलिंग्रिज यानं पाण्यानं भरलेल्या रुंद खंदकात अख्खा किल्ला उभा केला. सनदेत कारण लिहिलं आहे, शत्रूपासून आजूबाजूच्या मुलखाचं रक्षण. पुढे तो पडझडीला आला तेव्हा लॉर्ड कर्झननं विकत घेऊन दुरुस्त केला आणि मरताना देशाच्या वारसा जपणाऱ्या न्यासाला देऊन टाकला. वंगभंग करणारा तोच कर्झन. मालकांना हे खरं वाटेना. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं नव्हतं. पण १९०४ चा आपल्याकडचा प्राचीन स्मारकांचा कायदाही त्याच्याच वेळचा, हे विसरून चालत नाही.

निघताना त्यांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी कुलरचं लिहिलं, डिझेलचं लिहिलं, रोडग्यांचं लिहिलं, आणि खाचेची उंची कमरेएवढी करा हे मोठ्या अक्षरांत लिहून खाली रेघ मारली. शेवटी त्या तांब्याच्या पत्र्यावरच्या ओळींचा अर्थ मराठीत उतरवून दिला.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. नंतर फोटो पाठवले. प्रत्येक खाचेत दोन-दोन आडवे लोखंडी पाइप बसवले आहेत, खालचा गुडघ्याला, वरचा छातीला, आणि भिंतीत सिमेंटनं पक्के केले आहेत. पहिल्या फोटोत वेल्डिंग करणाऱ्याचा चष्मा कठड्यावर ठेवलेला दिसतो. दुसऱ्या फोटोत ऑफिसची भिंत आहे. चार चौकटींच्या शेजारी पाचवी लागली आहे, बांधकामातल्या दुरुस्तीची, ग्रामपंचायतीची पोच पावती. त्यांनी पाइपांसाठीही अर्ज केला होता.

तुळशीच्या लग्नानंतरच्या बऱ्याच तारखा लागल्या आहेत असं ते म्हणाले, म्हणून मार्गशीर्षात कार्य असेल तर दिवाळीआधीच जाऊन बोला. जानोशाच्या रस्त्याकडच्या खोलीतला कुलर आधी लावून बघा, डिझेलचं पावतीवर लिहून घ्या, आणि आदल्या रात्री रोडगे सांगायला विसरू नका.